ध्वजवंदनाची सक्ती आणि विवेकाचे स्वातंत्र्य



अमेरिकेच्या पेनसिल्व्हानिया राज्यात मायनर्सव्हिल नावाचे कोळशाच्या खाणींचे एक लहानसे गाव आहे. १९३५ सालच्या ऑक्टोबरात तेथील शाळेत विल्यम गोबायटिस हा दहा वर्षांचा मुलगा सकाळच्या ध्वजवंदनाच्या वेळी हात वर न करता उभा राहिला. शिक्षिकेने त्याचा हात ओढून वर करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने आपला खिसा घट्ट धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याची बारा वर्षांची बहीण लिलियन हिनेही वंदन केले नाही. विल्यमने शाळेच्या संचालकांस स्वतःच्या हाताने पत्र लिहून कारण कळविले. आणि नोव्हेंबरात दोघांची नावे शाळेतून कमी करण्यात आली.

ह्या एवढ्याशा प्रकरणाने त्या देशाच्या सुप्रीम कोर्टाला आठ वर्षे स्वस्थता लाभू दिली नाही. एकदा त्याने एक निकाल दिला आणि तीनच वर्षांत तो स्वतःच मोडून काढला. ह्या विषयावर मी जे व्याख्यान दिले त्याचा मजकूर येथे देत आहे. भाषणात खटल्यांची नावे भराभर येतात व श्रोता गोंधळतो. छापील पानावर तो धोका कमी, कारण वाचकाला मागे वळून पाहता येते.

प्रश्न असा आहे : नागरिकाचे देशावर प्रेम आहे की नाही हे पाहण्यासाठी राज्यसंस्थेला त्याच्या तोंडी विशिष्ट शब्द घालता येतात काय? आणि त्या शब्दांत ईश्वराचे नाव असेल, तर ईश्वर न मानणाऱ्या नागरिकाचे स्थान कोणते?

प्रथम त्या प्रतिज्ञेविषयी सांगतो. अमेरिकन शाळांतून म्हटली जाणारी प्रतिज्ञा अमेरिकेच्या घटनाकारांनी लिहिलेली नाही. कोलंबसाच्या आगमनाला चारशे वर्षे झाली त्या निमित्ताने १८९२ साली बोस्टनच्या 'द यूथ्स कंपॅनियन' ह्या नियतकालिकाने ती प्रसिद्ध केली. लेखक फ्रान्सिस बेलामी हे बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. तथापि एका धर्मोपदेशकाने लिहिलेल्या त्या प्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेख नव्हता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचा पुढे उपयोग होणार आहे. प्रतिज्ञा म्हणताना उजवा हात ध्वजाच्या दिशेने ताठ पुढे करण्याची रीत होती. जर्मनीत हिटलरपुढे हात पुढे केला जात असे, त्याच्याशी तिचे साम्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरण्यासारखे होते. युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकन पार्लमेंटला, म्हणजे काँग्रेसला, हे साम्य खटकले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिने हात छातीवर ठेवण्याची रीत घालून दिली.

गोबायटिस कुटुंब 'यहोवाचे साक्षीदार' ह्या ख्रिस्ती पंथाचे. बायबलच्या निर्गम नामक ग्रंथात कोणत्याही प्रतिमेपुढे नमू नये अशी आज्ञा आहे, आणि ध्वज ही एक प्रतिमाच होय, असे हा पंथ मानतो. ह्याच पंथाचे लोक जर्मनीत हिटलरला सलाम करीत नाहीत म्हणून तुरुंगात आणि छळछावण्यांत टाकले जात होते. तेथील बातम्या अमेरिकेतील त्यांच्या पंथबंधूंना कळत होत्या. त्या देशात लोकप्रिय होण्यासारखे ह्या पंथात काहीच नव्हते. घरोघर जाऊन प्रचार करणारे, इतर चर्चना खोटे म्हणणारे, लष्करात जाण्यास नकार देणारे हे लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांना नकोसे झाले होते. परंतु हक्कांची परीक्षा नकोशा माणसाच्या प्रकरणातच होते. सर्वांच्या आवडत्या माणसाला कोर्टाची पायरी सहसा चढावी लागत नाही.

खालच्या दोन्ही कोर्टांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. शाळेच्या मंडळाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली. ३ जून १९४० रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने मुले हरली. तो दिवस कोणता होता हे पाहा : युरोपात डंकर्कची माघार चालू होती आणि फ्रान्स कोसळण्याच्या बेतात होता. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी लिहिला. हे गृहस्थ संकुचित मनाचे खचित नव्हते. व्हिएन्नात जन्मलेले, ज्यू, बालपणी इंग्रजीचा गंधही नसताना अमेरिकेत आलेले, हार्वर्डला कायद्याचे अध्यापक झालेले आणि सॅको व व्हान्झेटी ह्या परदेशी कामगारांना न्याय मिळावा म्हणून लेखणी झिजविलेले. त्यांचे म्हणणे असे की, राष्ट्राचे ऐक्य हा राष्ट्राच्या सुरक्षिततेचा पाया आहे. ते ऐक्य मुलांच्या मनात कसे रुजवावे हे लोकांनी निवडून दिलेल्या मंडळांनी ठरवावे. न्यायाधीशांनी शाळेचे मास्तर होऊ नये. ज्याला स्थलांतरित म्हणून एका देशाने पोटाशी धरले, त्याला त्या देशाच्या ध्वजापुढे हात वर करण्यात जाच कसला ते उमगत नाही. हा मोह मी समजू शकतो. पण कृतज्ञता ही एकाची भावना आहे; तिचा दुसऱ्यावर कायदा करता येत नाही.

एकट्या न्यायमूर्ती हार्लन फिस्क स्टोन यांनी भिन्नमत नोंदविले. लहान आणि दुबळ्या अल्पसंख्याकांचे रक्षण लोकमताच्या मर्जीवर सोपवायचे असेल, तर घटनेत हक्क लिहून काय साधले, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

निकालानंतर जे घडले ते भयंकर होते. सहाच दिवसांनी मेन राज्यातील केनेबंक येथे जमावाने ह्या पंथाचे सभागृह जाळले. त्याच महिन्यात वेस्ट व्हर्जिनियातील रिचवूड गावी एका पोलीस अंमलदारानेच पंथाच्या लोकांस धरून बळेबळे एरंडेल पाजले आणि दोरीला बांधून गावातून चालविले. पुढे त्या अंमलदाराला शिक्षा झाली. हजारांनी मुले शाळांतून काढली गेली. कोर्टाने मारहाण करा असे कोठेही म्हटलेले नव्हते. परंतु देशाचे सर्वोच्च न्यायपीठ ज्यांच्या राष्ट्रनिष्ठेविषयी शंका घेण्यास वाव ठेवते, त्यांना गावगुंड काय वागणूक देतात, हे आपल्या वाचकांना मी समजावून सांगण्याचे कारण नाही.

तीन न्यायाधीशांस आपली चूक जाणवली. १९४२ साली दुसऱ्याच एका खटल्यात ब्लॅक, डग्लस आणि मर्फी यांनी जाहीरपणे लिहिले की, गोबायटिस खटल्यात आम्ही बहुमताबरोबर गेलो ते चुकले. न्यायाधीशांकडून असा कबुलीजबाब क्वचितच ऐकावयास मिळतो, हे वकिली करणाऱ्या कोणालाही विचारा. दरम्यान स्टोन सरन्यायाधीश झाले होते.

नवा खटला वेस्ट व्हर्जिनियातून आला. तेथील शिक्षण मंडळाने ९ जानेवारी १९४२ रोजी ठराव करून ध्वजवंदन सक्तीचे केले. न करणाऱ्या मुलाला शाळेतून काढावयाचे. काढले की ते मूल 'बेकायदा गैरहजर' ठरावयाचे. आणि गैरहजेरीबद्दल आईबापांना पन्नास डॉलरपर्यंत दंड व तीस दिवसांपर्यंत कैद. शाळेने दार लावावयाचे आणि मूल आत का नाही म्हणून बापाला तुरुंगात घालावयाचे, ही युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. मारी व गॅथी बार्नेट ह्या दोन बहिणींच्या वतीने दावा झाला. (जाता जाता सांगतो : कोर्टाच्या दप्तरात गोबायटस आणि बार्नेट ह्या दोन्ही घराण्यांच्या आडनावांची अक्षरे चुकीची लिहिली गेली, आणि कायद्याच्या इतिहासात ती चुकीचीच अमर झाली आहेत.)

१४ जून १९४३ रोजी, म्हणजे नेमक्या अमेरिकेच्या ध्वजदिनी, सहा विरुद्ध तीन बहुमताने सक्ती घटनाबाह्य ठरली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन हे पुढे न्युरेम्बर्गला नाझी पुढाऱ्यांवरील खटल्यात मुख्य अभियोक्ता झाले. त्यांच्या निकालाचा आशय असा : काही हक्क मतदानाच्या आणि बहुमताच्या आवाक्याबाहेर ठेवण्यासाठीच घटनेत लिहिलेले असतात. राजकारण, राष्ट्रवाद, धर्म ह्या बाबतींत कोणते मत प्रमाण मानावे हे ठरविण्याचा अधिकार लहान वा मोठ्या कोणत्याही अधिकाऱ्याला नाही. मतभेद जबरदस्तीने नाहीसे करू पाहणारे अखेर मतभेद करणाऱ्या माणसांनाच नाहीसे करू लागतात, आणि त्यांच्या हाती जी एकवाक्यता लागते ती स्मशानातली असते. १९४३ साली हे शब्द अलंकारिक नव्हते. त्या वेळी युरोपात ते अक्षरशः घडत होते.

आता ह्या निकालातील ज्या मुद्द्यासाठी मी तुमचा वेळ घेत आहे तो सांगतो. मुलींच्या तक्रारीचे मूळ धर्मश्रद्धेत होते. 'तुमची श्रद्धा प्रामाणिक आहे, सबब तुमच्यापुरती माफी' असे म्हणून कोर्टाला मोकळे होता आले असते. जॅक्सन यांनी तसे केले नाही. त्यांनी विचारले की, मुळात कोणाही नागरिकाकडून श्रद्धेचे वा निष्ठेचे शब्द वदवून घेण्याची सत्ता सरकारला आहे काय? ती सत्ताच नसेल, तर माफी कोणी कोणास द्यावयाची? म्हणून त्यांनी निकालाचा आधार भाषणस्वातंत्र्यावर ठेवला. बोलण्याच्या हक्कात न बोलण्याचाही हक्क आला. आणि तो ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध, नास्तिक, किंवा नुसत्या हट्टी माणसालाही सारखाच आला.

सवलत आणि हक्क यांत हा फरक आहे. कोणी दया येऊन वरून ओंजळीत पाणी ओतणे निराळे, आणि तळ्याच्या पायऱ्या उतरून आपल्या हाताने पाणी घेणे निराळे. तहान दोन्हींनी भागते.

फ्रँकफर्टर ह्या खेपेस अल्पमतात होते. इतिहासात सर्वांत अधिक छळल्या गेलेल्या समाजाचा मी घटक आहे, अशा अर्थाच्या वाक्याने त्यांनी आपले भिन्नमत सुरू केले आणि तरीही न्यायाधीशाने आपली सहानुभूती बाजूला ठेवावी, असा आग्रह धरला. त्या लिखाणात व्यथा आहे, परंतु उत्तर नाही.

बार्नेट निकाल पुढे आपल्या देशात आला. १९८५ च्या जुलैत केरळात बिजो, बिनू मोल आणि बिंदू ह्या तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. तीही यहोवाच्या साक्षीदारांच्या घरातली. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी आपल्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना परत घेण्याचा हुकूम दिला आणि त्या निकालात अमेरिकेच्या खटल्यांची चर्चा केली. अनुच्छेद १९ मधील भाषणस्वातंत्र्यात मौनाचा समावेश होतो आणि अनुच्छेद २५ मध्ये विवेकाचे स्वातंत्र्य आहे, असे दोन आधार त्यांनी घेतले. निकाल उदार आहे. तथापि दुसऱ्या आधाराखाली श्रद्धा खरी व प्रामाणिक आहे काय, ह्याची तपासणी येते. आणि ज्याला श्रद्धेचे प्रमाणपत्र दाखविता येत नाही त्याने काय करावे, ही शंका माझ्या मनात उरते. महाराष्ट्रापुरते सांगावयाचे तर, शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या, बुद्धाची शिकवण मानणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाला मुंबई हायकोर्टाने २०१३ साली न्याय दिला. त्याला हात जोडावयास भाग पाडणे हा मूलभूत हक्काचा भंग होय, असे कोर्टाने म्हटले.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू, कारण मघाचा ईश्वराचा मुद्दा अपुरा राहिला आहे.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनेविरुद्ध ठरविल्या. तोपर्यंत काळी मुले आपल्या वेगळ्या शाळेत उभी राहून 'सर्वांसाठी स्वातंत्र्य आणि न्याय' अशी ग्वाही देणारी हीच प्रतिज्ञा रोज म्हणत होती. ज्या वेस्ट व्हर्जिनियाने साक्षीदारांच्या मुलींना बाहेर काढले, तेथेही शाळा कायद्याने वेगळ्याच होत्या. त्या निकालानंतर बरोबर चार आठवड्यांनी, १४ जून १९५४ रोजी, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका कायद्यावर सही करून त्या प्रतिज्ञेत 'ईश्वराच्या छत्राखाली' अशा अर्थाचे शब्द घातले. शेवटचे शब्द खरे करण्याचे काम नुकतेच कोठे सुरू होत होते. नवे शब्द घालणे त्या मानाने सोपे होते.

ही कल्पना का निघाली? शीतयुद्धाचा काळ होता. त्या वर्षी ७ फेब्रुवारीला वॉशिंग्टनच्या एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये धर्मोपदेशक जॉर्ज डॉचर्टी यांनी आयझेनहॉवर यांच्या समक्ष प्रवचन केले. आहे ही प्रतिज्ञा मॉस्कोतील मुलेही आपल्या ध्वजापुढे म्हणू शकतील, तेव्हा आपले वेगळेपण ईश्वरात आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. कॅथलिकांची एक संघटना त्याआधीपासूनच ही मागणी करीत होती. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, 'ईश्वरावर आमचा भरवसा' हे राष्ट्राचे अधिकृत बोधवाक्य झाले. ईश्वर न मानणारा तो कम्युनिस्ट, आणि कम्युनिस्ट तो देशद्रोही, असे समीकरण त्या काळात रूढ झाले होते. जगातील कोट्यवधी बौद्ध कोणत्या रकान्यात बसतात, ह्याचा विचार करण्यास कोणाला सवड नव्हती.

ह्याच्या उलट, अमेरिकेच्या मूळ घटनेत ईश्वराचे नाव शपथेतही नाही. राष्ट्राध्यक्षाला शपथ घेण्याची किंवा नुसते दृढकथन करण्याची मुभा आहे, आणि कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची कसोटी लावता येणार नाही असे सहाव्या अनुच्छेदात स्पष्ट लिहिले आहे. आपल्या घटनासमितीपुढेही हा प्रसंग आला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा अशी सूचना मांडली. मते मोजली गेली : बाजूने ४१, विरुद्ध ६८. आपली घटना लोकांच्या नावाने सुरू होते ती अशा मोजलेल्या मतांनी.

अमेरिकन कोर्टाने ईश्वराच्या प्रश्नावर एके ठिकाणी बौद्धांची स्पष्ट दखल घेतलेली आहे. मेरीलँड राज्यात रॉय टॉर्कासो यांची नोटरीच्या पदावर नेमणूक झाली. त्या राज्याच्या घटनेप्रमाणे पदावर येणाऱ्याने ईश्वराच्या अस्तित्वावर विश्वास असल्याचे जाहीर करावे लागे. त्यांनी नकार दिला आणि पद गेले. नोटरी म्हणजे शिक्का मारणारा लहानसा अधिकारी. त्याच्या शिक्क्याने कोणत्या ईश्वराचे काय बिघडणार होते, कोण जाणे. १९ जून १९६१ रोजी सुप्रीम कोर्टाने एकमताने ती अट रद्द केली. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी एका तळटिपेत लिहिले की, ईश्वराचे अस्तित्व न शिकविणारे धर्मही ह्या देशात आहेत, आणि त्यांच्या यादीत पहिले नाव बौद्ध धर्माचे घातले. तळटिपा वाचण्याची सवय वकिलांना असते. तरुण वाचकांनीही ती लावून घ्यावी. १९६२ साली सरकारी शाळेत सरकारने रचलेली प्रार्थना आणि १९६३ साली सरकारी शाळेतील बायबलवाचन हीही कोर्टाने बंद केली.

मात्र प्रतिज्ञेतील ईश्वर तेथेच राहिला. कॅलिफोर्नियातील एका निरीश्वरवादी पित्याने, मायकेल न्यूडाऊ यांनी, आपल्या मुलीच्या शाळेविरुद्ध दावा केला. २००२ साली अपील कोर्टाने तो मान्य करताच सिनेटने ९९ विरुद्ध शून्य मतांनी निषेधाचा ठराव केला. ज्या प्रश्नावर एकही सभासद विरुद्ध जाण्यास धजत नाही तोच प्रश्न कोर्टात जावयास हवा, असे मला वाटते. परंतु २००४ साली, पुन्हा १४ जूनलाच, सुप्रीम कोर्टाने मुलीच्या ताब्याचा अंतिम अधिकार पित्याकडे नाही ह्या कारणावरून त्यांना दावा करण्याचा अधिकार नाही असे ठरविले, आणि मूळ प्रश्नाला हातच घातला नाही. अडचणीच्या प्रश्नातून बाहेर पडण्यासाठी कायद्याच्या इमारतीला पुष्कळ मागील दारे असतात.

ध्वज जाळण्याविषयी दोन शब्द. १९८४ साली डॅलस येथे निदर्शनात ध्वज जाळणाऱ्या ग्रेगरी जॉन्सन याची शिक्षा सुप्रीम कोर्टाने १९८९ साली पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली, आणि १९९० साली काँग्रेसने घाईने केलेला कायदाही तसाच मोडला. आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. ध्वज जाळण्याने कोणाचे मन वळते असे मला वाटत नाही. तरी त्या पाचांत अँटोनिन स्कालिया ह्यांच्यासारखा कट्टर पुराणमतवादी न्यायाधीश होता, हे नमूद करावे लागेल. २५ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ध्वजाची विटंबना करणाऱ्यांवर खटले भरण्याविषयी आदेश काढला आहे. राष्ट्राध्यक्षाच्या आदेशाने सुप्रीम कोर्टाचा निकाल रद्द होत नसतो.

हक्काची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. २०१६ साली कॉलिन केपर्निक ह्या काळ्या फुटबॉलपटूने पोलिसांकडून होणाऱ्या काळ्या लोकांच्या हत्यांचा निषेध म्हणून राष्ट्रगीताच्या वेळी प्रथम बसून आणि नंतर गुडघा टेकून राहण्याचे ठरविले. त्या हंगामानंतर त्याला कोणत्याही संघाने घेतले नाही. बार्नेट निकाल त्याच्या कामी आला नाही, कारण अमेरिकेची घटना सरकारचे हात बांधते. खाजगी मालकाचे बांधत नाही. ज्याची भाकरी मालकाच्या हाती, त्याचे मौनही पुष्कळदा मालकाच्याच हाती असते. १९४३ च्या निकालापुढे हे काम शिल्लक आहे.

शाळेतील मुलांचे काय झाले? बार्नेट निकाल आजही कायम आहे. परंतु फ्लोरिडा राज्याच्या कायद्याने प्रतिज्ञा न म्हणू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आईबापांची लेखी विनंती आणावी अशी अट घातली. २००८ साली तेथील केंद्रीय अपील कोर्टाने उभे राहण्याची सक्ती रद्द केली. पण चिठ्ठीची अट, हा आईबापांचा हक्क आहे असे म्हणून, कायम ठेवली. त्या निकालानुसार फ्लोरिडातील जो मुलगा प्रतिज्ञेच्या वेळी गप्प राहू इच्छितो, त्याने आधी घरून सही आणावयाची आहे.